गॅब्रिएल ओकचा दुसरा कुत्रा

बी.ए.ला टॉमस हार्डीची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' नेमलेली होती. तिच्या पाचव्या प्रकरणाबद्दल आमच्या बाजारी गाइडात तीनच वाक्यं होती. गॅब्रिएल ओकची मेंढरं खाणीत पडून मरतात. त्यामुळे तो मालकाचा चाकर होतो. त्यामुळे कथानकाला गती मिळते. मेंढरं पडली कुणामुळे, तर 'एका अननुभवी कुत्र्यामुळे'. परीक्षेत तेवढ्यावर भागलं. पुढे वीसेक वर्षांनी भावाच्या शेतावर एक पिल्लू आलं. नाव खंड्या. वर्षाच्या आत त्याला शेळ्यांमागे धावण्याचा असा नाद लागला, की संध्याकाळी शेळ्या गोठ्यात यायच्या त्या धापा टाकतच. धावायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. थांबायचं कसं हे शिकवता शिकवता मात्र घरातल्या सगळ्यांचे घसे बसले. त्या दिवसांत हार्डीचं ते प्रकरण पुन्हा हाती घेतलं, आणि गाइडवाल्याने एका विशेषणात गुंडाळलेला तो कुत्राच त्या प्रकरणाचा नायक आहे असं वाटायला लागलं.

कादंबरी १८७४ साली 'कॉर्नहिल' मासिकात वर्षभर क्रमशः आली, लेखकाचं नाव न छापता. संपादक होते लेस्ली स्टीफन, म्हणजे व्हर्जिनिया वुल्फचे वडील. ती अजून जन्मायची होती. हार्डी तेव्हा तेहतीस-चौतीस वर्षांचा. मेंढरांची लोकर कातरण्यापासून ती बाजारात विकण्यापर्यंतचं जग त्याने डॉर्सेटमध्ये डोळ्यांनी पाहिलेलं होतं आणि कादंबरीचा बराच भाग त्याने हायर बॉकहॅम्प्टनच्या आपल्या जन्मघरी बसूनच लिहिला.

गॅब्रिएल ओक हा मेंढपाळाचा मुलगा. (ओक म्हटल्यावर मराठी वाचकाला कोकणातलं एखादं घर आठवलं तर त्यात वाचकाचा दोष नाही, मलाही पहिल्यांदा आठवलं होतं.) वय अठ्ठावीस. दुसऱ्यांची मेंढरं राखता राखता त्याने आता कुठे स्वतःचा कळप केला आहे, तोही एका व्यापाऱ्याकडून उधारीवर. बाथशेबा नावाच्या तरुणीला मागणी घालून झाली, नकार मिळाला, आणि पाचव्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच ती गाव सोडून गेल्याची बातमी येते. एवढ्या ओळी झाल्या की हार्डी प्रेमाचा विषय बाजूला ठेवतो आणि कुत्र्यांकडे वळतो. कादंबरी वाचायची घाई असलेला वाचक हा परिच्छेद डोळ्यांखालून भरभर घालतो. मीही घातला होता.

ओककडे दोन कुत्रे आहेत. थोरला जॉर्ज. त्याचं वर्णन करताना हार्डी आधी चित्रकार होतो. नाकाचा काळा शेंडा, भोवती गुलाबी कातडीची किनार, अंगावर पांढरे आणि पाटीच्या रंगाचे कसेही उमटलेले डाग. वर्षानुवर्षांच्या उन्हापावसाने त्या करड्या रंगातली निळाई उडून गेली आणि मागे तांबूस तपकिरी उरली. टर्नरच्या चित्रांतली नीळ अशीच उडते, असं हार्डी सांगतो. पुढची गंमत आणखी सूक्ष्म आहे. जॉर्जच्या अंगावर मुळात केस होते. पण मेंढरांत इतकी वर्षं काढल्यावर त्या केसांची हळूहळू लोकर होत चालली आहे, आणि तीही हलक्या प्रतीची. विनोद म्हणून हे वाक्य वाचून पुढे जाता येतं. पण आयुष्यभर एकच काम केलेल्या जिवाबद्दल इतकं अचूक काही मी फारसं वाचलेलं नाही. सुताराच्या बोटांना लाकडाचा रंग चढतो, तसा हा कुत्रा मेंढरू होत चालला आहे.

मग जॉर्जचं शिक्षण. तो आधी एका दुसऱ्या मेंढपाळाकडे होता. हा माणूस वागणुकीने वाईट आणि रागाने त्याहून वाईट. त्यामुळे शिव्यांचे जेवढे प्रकार असतात आणि त्या प्रत्येकामागे जेवढा राग असतो, तेवढं सगळं जॉर्जला गावातल्या सर्वांत बिघडलेल्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त कळतं. नुसती हाक मारली तर मेंढरांपासून किती वेगाने मागे यायचं आणि शिवी घालून तीच हाक मारली तर किती, याचा हिशेब त्याच्या अंगात बसला आहे. चुकला तर पाठीत काठी. हार्डी हे सगळं हसत सांगतो. या हसण्यात काय आहे ते नीट पाहिलं पाहिजे. मारून शिकवलेला कुत्रा उत्तम झाला, हे तो नाकारत नाही. म्हातारा झाला तरी हुशार आणि भरवशाचा, असं प्रमाणपत्रही देतो. पण ते शिक्षण देणारा माणूस हलका होता, हे वाक्याच्या पहिल्या टोकालाच सांगून ठेवतो. वाचकाने कौतुक कशाचं करायचं आणि किती, हे त्याने वाचकावर सोडलं आहे.

आता दुसरा, म्हणजे जॉर्जचा मुलगा. बापासारखा तो जवळजवळ दिसत नाही. आईवर गेला असावा. आई आपल्याला कादंबरीत भेटतच नाही. जॉर्ज गेला की कळप याच्याकडे यायचा, म्हणून तो धंदा शिकतो आहे, पण अजून पाटीवरच. त्याची एकच अडचण आहे, आणि सगळं प्रकरण या अडचणीभोवती फिरतं: काम पुरेसं होणं आणि जास्तच होणं यातला फरक त्याला कळत नाही. मेंढरांच्या मागे पाठवला, की तो ती इतक्या मन लावून हाकतो, की कुणी परत बोलावलं नाही किंवा म्हाताऱ्या जॉर्जला थांबलेलं पाहून त्याला आठवण झाली नाही, तर सगळा परगणा पार करून जाईल, आणि आनंदाने जाईल.

याच वाक्याच्या मधोमध हार्डी एक कंस उघडतो. कंसात असं, की या कुत्र्याला असं खास काही नाव नव्हतं. कुणी गोड आवाजात काहीही म्हटलं की तो ओ द्यायचा. कंस मिटतो, वाक्य पुढे जातं.

हा कंस मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा शब्दसमूह वाटतो, आणि त्याचं कारण साहित्याबाहेरचं आहे. कुत्र्याला काही शिकवायचा प्रयत्न ज्याने केला आहे त्याला ठाऊक असतं, की पहिला धडा नावाचा. वाघ्या, मोत्या, खंड्या, राजा, काहीही ठेवा. नाव म्हणजे त्या कुत्र्याला आपल्याकडे वळवणारा एक आवाज. तो आवाज त्याचा एकट्याचा असावा लागतो. बाकीचे सगळे हुकूम त्या आवाजाच्या पाठीवर बसून जातात. ज्याला प्रत्येक गोड शब्द आपलाच वाटतो, त्याच्याजवळ आपला असा शब्द एकही नसतो. शेताच्या त्या टोकाला मेंढरांमागे सुटलेल्या कुत्र्याला आणायचं तर काय म्हणून हाक मारणार? बापाला शिव्यांनी शिकवलं, मुलाला लाडाच्या हाकांवर सोडलं. ओक दयाळू माणूस आहे. पहिल्या धन्यासारखी काठी तो चालवणार नाही. पण काठीच्या जागी त्याने काही ठेवलेलंही नाही. हार्डी हे बोलून दाखवत नाही. एक कंस उघडतो, मिटतो, आणि आपण पुढे जातो.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण ब्रिटनमध्ये हीच गोष्ट त्याच सुमारास एका मैदानात मोजली जाऊ लागली होती. ९ ऑक्टोबर १८७३ रोजी वेल्समधल्या बाला या गावी मेंढरं वळणाऱ्या कुत्र्यांची ब्रिटनमधली पहिली नोंदलेली चाचणी झाली. दहा कुत्रे उतरले आणि जिंकला तो ट्वीड नावाचा, वेल्समध्ये स्थायिक झालेल्या एका स्कॉटिश माणसाचा स्कॉटिश कुत्रा. हार्डी त्या महिन्यांत हीच कादंबरी लिहीत होता. एकाचा दुसऱ्याशी संबंध होता असं मला म्हणायचं नाही. पण ते मैदान आणि हे प्रकरण एकच प्रश्न विचारतात. कुत्रा मेंढरांमागे धावतो का, हा प्रश्नच नाही, तो धावतोच. केव्हा थांबतो, किती अंतर राखतो, मेंढरं घाबरवल्याशिवाय हलवतो का, एवढाच प्रश्न आहे. १९०६ मध्ये या कुत्र्यांसाठी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली आणि तिच्या राष्ट्रीय चाचणीतले गुणही हेच सांगतात. शंभर गुण आधी दिलेले असतात आणि प्रत्येक चुकीला कापले जातात. सुमारे ४०० यार्ड लांबून, मेंढरांना न बिथरवता मोठ्या वळशाने त्यांच्यामागे जायचे २०. त्यांना पहिलं पाऊल टाकायला लावण्याचे १०. त्यांना सरळ रेषेत मालकाकडे आणण्याचे २०. मालकापासून दूर, फाटकांतून हाकत नेण्याचे ३०. कळपातून काही वेगळी काढण्याचे १० आणि कोंडवाड्यात घालण्याचे १०. कुत्रा मेंढराला चावला तर बहुधा खेळच खलास.

यात मला त्या दहा गुणांचं फार कौतुक वाटतं. पहिलं पाऊल. कुत्रा मेंढरांपाशी येऊन पोचतो, ती मान वर करून त्याच्याकडे पाहतात, आणि तो फक्त एक पाऊल पुढे टाकतो किंवा नुसतं अंग झुकवतो. मेंढरं वळून चालू लागतात. पळत नाहीत, चालतात. चांगल्या गवयाने बंदिशीचा पहिला स्वर लावल्यावर मैफल ज्या तऱ्हेने शांत होते, त्या जातीची ती गोष्ट आहे. आजच्या बहुतेक बॉर्डर कोलींच्या वंशावळी ज्या कुत्र्यापाशी जाऊन मिळतात तो ओल्ड हेम्प १८९३ साली नॉर्थंबरलँडमध्ये ॲडम टेल्फरकडे जन्मला. बाप मोकळा आणि खेळकर, आई मिटलेली आणि नजरेने फार तीव्र, असं त्याच्या आईबापांबद्दल लिहिलेलं आहे. हेम्प भुंकायचा नाही, अंगावर जायचा नाही; नजरेनेच काम करायचा. त्यानंतर मेंढपाळांना हवे झाले ते असले कुत्रे.

आणि सगळ्या हुकमांत अवघड असतो तो काम संपवायचा. डावीकडे जा, उजवीकडे जा, खाली बस, पुढे चल हे कुत्रा लवकर उचलतो, कारण त्यात काम आहे. 'दॅटल डू', म्हणजे बास, झालं, ये आता, हे ऐकून समोरची मेंढरं तशीच सोडून पाठ फिरवणं त्याच्या रक्ताविरुद्ध जातं. शिकवणारे लोक पिल्लाला मेंढरांजवळ नेण्याआधीच घराच्या आवारात बोलावणं आणि बसवणं पक्कं करतात, ते याच्यासाठी. पुष्कळ ठिकाणी पोराला आधी म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर सोडतात. ओकही तेच करतो आहे. त्याच्या पोराला थांबायला सांगणारा एकच शिक्षक आहे, आणि तो जॉर्ज आहे.

आपल्याकडच्या धनगरांना हे सगळं वाचून जरा नवल वाटेल. सातारा-पुण्याकडून दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या वाड्यांबरोबर कुत्रे असतात, पण मेंढरं वळवणं हे माणसाच्या आरोळीचं आणि शिट्टीचं काम; कुत्र्याकडे राखण. रात्री लांडगा आला तर त्याने उठायचं. आपला कुत्रा कळपाच्या बाहेर तोंड करून बसतो, ओकचा कळपाकडे तोंड करून. म्हणून खंड्याला शेळ्यांमागे लागलेलं पाहून भावाच्या शेतावर येणारा एक म्हातारा मेंढका म्हणाला होता, "ह्याला राखायला शिकवा, पळायला नको. पळायचं त्याला येतंच."

तर ती रात्र. इथून हार्डी जे करतो ते मी कितीदाही वाचू शकतो. गॅब्रिएल डोंगरावरून घरी येतो, नेहमीसारखी कुत्र्यांना हाक मारतो. फक्त जॉर्ज येतो. दुसरा कुठे नाही. घरात नाही, गल्लीत नाही, बागेत नाही. मग त्याला आठवतं, की दोघांना आपण वर मेलेलं कोकरू खाताना सोडून आलो. इथे पुन्हा एक कंस: असलं मांस तो एरवी कुत्र्यांना लागू देत नसे, दुसरं काही खायला नसलं तरच. पोराचं खाणं आटपलं नसेल, असं मनाशी म्हणून तो आत जातो आणि गादीवर पडतो. ते सुख हल्ली त्याला फक्त रविवारी मिळायचं.

पहिल्या कंसात नाव नव्हतं, दुसऱ्यात मांस आहे. दोनशे मेंढ्यांच्या मरणाची दोन्ही कारणं हार्डीने कंसात ठेवली आहेत. कथा सांगणारा माणूस महत्त्वाची गोष्ट मोठ्याने सांगतो. हार्डी ती खालच्या आवाजात, जाता जाता सांगतो, जसा घरातला मोठा माणूस मुलांदेखत पैशांची अडचण सांगतो. आणि तिसरी गोष्ट तर तो सांगतही नाही: जॉर्ज आज खाली आहे. पोराला कधी थांबायचं हे दाखवणारा एकटा कुत्रा घरी येऊन खोपटात बंद झाला आहे. ओकने काही चूक केली असं म्हणवत नाही. थकलेला माणूस गादीकडे गेला, एवढंच. पण कुत्रे आवरून घरी आणणं हे मेंढपाळाच्या दिवसाचं शेवटचं काम असतं, आणि ते त्याने अर्धं सोडलं.

पहाटेच्या सुमारास मेंढरांच्या घंटांनी त्याला जाग येते. हा आवाज त्याला इतका सवयीचा आहे, की तो बदलला किंवा थांबला तरच ऐकू येतो. आपल्याला भिंतीवरचं घड्याळ बंद पडल्यावर ऐकू येतं तसा. घंटा जोरात वाजते आहे, म्हणजे मेंढरं धावताहेत. तो वर पळतो. कोकरं झालेल्या पन्नास मेंढ्या आपल्या जागी आहेत, पण अजून व्यायच्या होत्या त्या दोनशे नाहीत. कुंपणात भगदाड आहे, पायांचे ठसे आहेत. तो मेंढरांना बोलावण्याची मेंढपाळी हाक मारतो. दऱ्या भरून जातात, उत्तर नाही. इथे मी दर वेळी थांबतो. तो मेंढरांना हाक मारतो. कुत्र्याला मारत नाही. मारणार तरी काय म्हणून?

मग कड्याच्या टोकाला, जिथे दोन कुंपणं इंग्रजी व्ही अक्षरासारखी एकमेकांकडे येतात पण मिळत नाहीत, तिथे आभाळावर तो कुत्रा उभा दिसतो. खाली चुन्याची खाण. पिढ्यान् पिढ्या तिथून चुनखडी काढून आसपासच्या शेतांत पसरली जायची. कुंपणांमधल्या फटीला लावलेला लाकडी कठडा कुजलेला होता आणि तो मोडला आहे. हार्डी या क्षणी कुत्र्याला सेंट हेलेनावरच्या नेपोलियनची उपमा देतो.

इथे मात्र मी हार्डीशी भांडतो. त्याआधी दोन-चार ओळींत ग्रीक पुराणातल्या हायलसला शोधणारे खलाशी येऊन गेलेत, पुढे चंद्राचा सांगाडा आणि मेलेल्या माणसाच्या डोळ्यासारखं चकाकणारं तळं येणार आहे. जॉर्जच्या अंगावर टर्नर होताच. इतकं कशाला? कुत्रा आभाळावर उभा आहे, स्तब्ध, एवढं पुरे होतं. पुरेसं आणि जास्त यातला फरक न कळणं हा दोष हार्डीने कुत्र्याला लावला, पण तोच दोष त्याच्या लेखणीतही आहे. फक्त एक मान्य करावं लागतं. नेपोलियनच्या उपमेत वेडेपणाबरोबर नेमकेपणाही आहे. हा पराभूत सेनापती नाही. आपण हरलो हे अजून न कळलेला सेनापती आहे. तळ्याची उपमा मी काढून टाकीन, नेपोलियनची राहू देईन.

आणि मग, एवढ्या सगळ्या उपमांनंतर, हार्डी एकही उपमा न वापरता प्रकरणातलं सगळ्यात क्रूर वाक्य लिहितो. कुत्रा त्याच्याकडे येतो, त्याचा हात चाटतो, आणि मोठ्या कामगिरीबद्दल मोठं बक्षीस मिळणार अशी अपेक्षा अंगभर दाखवतो. खाली खाणीत दोनशे मेंढ्या मेलेल्या आणि मरणाऱ्या. पोटातली कोकरं धरली तर चारशे जीव. आपल्या काव्यशास्त्रात हास्य आणि करुण हे एकमेकांचे विरोधी रस मानले आहेत. एकाच जागी आणू नयेत. हार्डी ते एका ओल्या जिभेवर एकत्र आणतो. कुत्रा चुकलाच नाही, त्याने सगळं केलं, हे कळायला वाचकाला जेवढा वेळ लागतो तेवढा तो देतो. मग ओक खाली पाहतो.

ओकच्या मनात तेव्हा काय काय आलं, त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी मेंढ्यांची दया. हा माणूस असा, की आपली मेंढरं शेवटी मटण होणार याचंही त्याला आयुष्यभर वाईट वाटत आलं आहे. नंतर पैसा: विमा नव्हता, उधारीचा कळप, वर्षानुवर्षांची बचत एका रात्रीत गेली. आणि शेवटी एक सुटकेचा श्वास: बरं झालं लग्न झालं नाही, तिला या दारिद्र्यात आणलं असतं. ती तर नाही म्हणून गेली आहे. या माणसाला तिचा नकार आता उपकार वाटतो. हे तीन विचार वेगळ्या क्रमाने आले असते तर ओक वेगळा माणूस झाला असता. अवघ्या सहा-सात ओळींत एवढा मोठा माणूस उभा राहिलेला दुसरीकडे क्वचित दिसेल.

घडलं कसं, ते हार्डी शेवटी सांगतो, आणि ते चौकशीच्या अहवालासारखं सांगतो. आपल्याला मेंढरांमागे धावायला ठेवलं आहे, तर जितकं धावू तितकं चांगलं, अशी त्या पोराची समजूत. पोटात मांस गेलेलं, अंगात जोम आलेला. त्याने मेंढ्या एका कोपऱ्यात गोळा केल्या, कुंपणातून ढकलल्या, वरच्या शेतातून पळवल्या, आणि कुजलेला कठडा मोडेपर्यंत थांबला नाही. मेंढरांच्या चाचणीतल्या सगळ्या पायऱ्या त्यात आहेत: वळसा, पहिलं पाऊल, हाकणं, फाटकातून नेणं. एकच नाही, कुणीतरी बास म्हणणं.

त्याच दिवशी बारा वाजता त्याला गोळी घालण्यात आली. इंग्रजी वाक्य कर्मणी प्रयोगात आहे: त्याला नेण्यात आलं आणि गोळी घालण्यात आली. कुणी नेलं, कुणी घातली, हे कुठेच नाही. सकाळी मेंढ्यांसाठी हळहळलेल्या ओकच्या हाती हार्डी बंदूक देत नाही, आणि नाकारतही नाही. कर्मणी प्रयोगाचा इतका दयाळू उपयोग मी दुसऱ्या कादंबरीत पाहिलेला नाही. जे काम कुणीतरी करायचंच होतं, ते वाक्याने कर्त्याशिवाय उरकलं. १९६७ चा जॉन श्लेसिंजरचा आणि २०१५ चा थॉमस विंटरबर्गचा, दोन्ही चित्रपटांत हे दृश्य देखणं आहे, चुन्याच्या खाणीऐवजी समुद्राकाठचा पांढरा कडा आहे. पण सिनेमाला कर्मणी प्रयोग जमत नाही. बंदूक कुणाच्या तरी हातात द्यावीच लागते.

त्या वाक्याच्या शेपटात हार्डी कुत्र्यांना तत्त्वज्ञांच्या पंगतीला बसवतो. जग तडजोडीवर चालतं. अशा जगात एखादा विचार शेवटच्या टोकापर्यंत नेणाऱ्यांची जी गत होते तीच या कुत्र्याची झाली, असा त्याचा आशय. हा शेरा बहुतेक समीक्षक मोठा करून सांगतात, आणि मला तो थोडा चतुर वाटतो. विचार टोकाला नेणारा कुत्रा नव्हता हा; त्याला टोक कुठे आहे ते कुणी दाखवलं नव्हतं. तत्त्वज्ञ म्हणून त्याचा गौरव केला की ओकवरची जबाबदारी हलकी होते. हार्डीला ती हलकी करायची असावी, कारण पुढची बावन्न प्रकरणं त्याला ओकवर वाचकाचा विश्वास बसवायचा आहे.

आणि तो बसतोही. या दिवसानंतर ओक मजुरांच्या बाजारात उभा राहतो, बासरी वाजवून चार पैसे मिळवतो, एका रात्री आग विझवतो आणि बाथशेबाच्याच वाड्यावर मेंढपाळ म्हणून लागतो. जॉर्ज त्याच्यामागे चालत राहतो. बऱ्याच पुढे, फॅनी रॉबिन नावाची एक गरोदर मुलगी कॅस्टरब्रिजच्या वाटेवर कोसळते, तेव्हा आणखी एक बिननावाचा कुत्रा कुठूनतरी येतो, तिला आपल्या अंगावर टेकू देतो आणि गरीबखान्याच्या दारापर्यंत पोचवतो. तिथल्या माणसाने त्याला दगड मारून हाकललेलं असतं. कादंबरीभर कुत्र्यांना असंच मिळतं. ज्याने तारलं त्याला दगड, ज्याने बुडवलं त्याला गोळी. पण मागे तिसऱ्या प्रकरणात जाऊन पाहा. धुराने भरलेल्या झोपडीत गॅब्रिएल गुदमरून पडलेला असताना बाहेर ओरडून बाथशेबाचा घागरा धरणारा कुत्राही ओकचाच होता. जीव वाचवला तेव्हा त्याने जे केलं, ते खाणीच्या रात्री पोराने केलं त्यापेक्षा वेगळं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी केलं.

हार्डीचा स्वतःचा गाजलेला कुत्रा आला तो म्हातारपणी, डॉर्चेस्टरजवळच्या मॅक्स गेट या त्याच्या घरी. तो टेरियर होता. त्याला कुणी काहीच शिकवलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर चढून पाहुण्यांच्या ताटांत तोंड घालायचा, आणि बहुतेक पाहुण्यांना चावायचा, टी. ई. लॉरेन्सला तेवढा चावला नाही असं सांगतात. हार्डीने त्याच्यावर कविताही लिहिली. तो मेला तेव्हा बागेत पुरून वर दगड बसवला आणि त्यावर त्याचं नाव कोरलं. ज्या भूभागाला हार्डीने 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'च्या प्रकरणांत पहिल्यांदा वापरून प्रसिद्ध केलं, त्याचंच ते नाव. दगडावर लिहिलं आहे: वेसेक्स, ऑगस्ट १९१३ ते २७ डिसेंबर १९२६.